ठमाबाई कुणाला ओळखते?

(दृश्य : दांडिया बाजार, सकाळ. खिडकीखालची काचेची टाकी.)

बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका जुन्या घराच्या तळमजल्यावर, विटेवर मागचे पाय ताणून ऊन खात बसलेली ही कासवी गेली अकरा वर्षे या कुटुंबात राहत आहे. आणली तेव्हा ती जुन्या मोठ्या रुपयाएवढी होती, आज तिची पाठ ताटलीएवढी आहे. जात रेड-इअर्ड स्लायडर, मूळची अमेरिकेची. घरातले नाव ठमाबाई. डोळ्यामागे दिसणारा लाल पट्टा हा तिचा कान नव्हे, तो केवळ रंग आहे.

सकाळी साडेआठला आजी दारात दिसल्या की ठमाबाई पाण्यात उतरते, काचेपाशी येते आणि पुढचे दोन्ही पाय काचेवर घासत राहते. "मला ओळखते हो ती; बाकीच्यांकडे ढुंकून पाहत नाही," असे आजी सांगतात.

आजींच्या परवानगीने आम्ही चार दिवस तिथे बसलो. पहिल्या दिवशी आजी रिकाम्या हातांनी आल्या, तरीही ठमाबाई काचेशी आली. दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी एक जण तसाच रिकाम्या हातांनी दारात उभा राहिला, तेव्हा ती विटेवरून धप्पकन पाण्यात पडली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या हाती आम्ही खाऊची पिवळी डबी दिली. ठमाबाई क्षणभर थांबली, मान लांबवून पाहिले आणि आली. चौथ्या दिवशी आजी साडेआठऐवजी रात्री दहाला गेल्या, तर तिने डोळेही उघडले नाहीत. ही काही प्रयोगशाळेतील चाचणी नव्हे; पण आजींचा आकार, डबीचा रंग आणि सकाळची वेळ या तिन्ही गोष्टी तिच्या ओळखीत मिसळलेल्या आहेत, असे मानण्यास एवढे पुरेसे आहे.

कासवांच्या स्मरणशक्तीविषयी मात्र शंका घेण्याचे कारण उरलेले नाही. व्हिएन्नाच्या प्राणिसंग्रहालयातील महाकाय कासवांना समोर धरलेली रंगीत वस्तू चावली की खाऊ मिळतो, हे शिकवण्यात आले होते, आणि नऊ वर्षांनंतर पुन्हा तपासलेल्या तीन कासवांना तो धडा आठवत होता. सापांची गोष्ट निराळी आहे. ते जीभ बाहेर काढून हवेतील गंधकण टाळूतील इंद्रियापर्यंत पोहोचवतात, त्यामुळे त्यांच्या लेखी मालक म्हणजे चेहऱ्यापेक्षा वास अधिक असावा.

ओळख आणि माया यांत मात्र अंतर आहे, आणि पाळणाऱ्यांची गफलत नेमकी इथे होते. मांडीवर निश्चल पडून राहिलेला इग्वाना, म्हणजे पाळलेला मोठा सरडा, प्रेमाने विसावला आहे, असे आपण समजतो. तो ऊब घेत असेल, किंवा भीतीने थिजलाही असेल. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. त्याने हातातून मिळालेले अन्न खाल्ले, उचलताना शेपटी आपटली नाही, आपण पाहत असतानाही डोळे मिटले, तर त्याला आपली भीती वाटत नाही एवढे म्हणता येते. माझ्या मते हेही थोडे नाही.

(दृश्य : विश्वामित्रीचा काठ. चिखलात पहुडलेली मगर.)

सरपटणाऱ्यांना जिव्हाळा ठाऊकच नसतो, हे विधान मात्र याच शहरातून वाहणाऱ्या नदीच्या काठी खोटे ठरते. मगरीची मादी घरट्याची राखण करते, अंड्यांतून पिलांचे आवाज आले की माती उकरते, आणि ज्या जबड्याने जनावराचे हाड मोडते त्याच जबड्यात पिलांना अलगद धरून पाण्यात नेते. ऑस्ट्रेलियातील स्लीपी लिझर्ड जातीच्या सरड्यांच्या जोड्या दर वसंतात पुन्हा एकत्र येतात, आणि काही जोड्या वीस वर्षांहून अधिक काळ टिकल्याची नोंद आहे. हा जिव्हाळा आपापल्या जातीतला. तो खाऊ देणाऱ्या माणसापर्यंत पोहोचतो, असे म्हणण्याइतका पुरावा अजून नाही.

जाता जाता सांगायला हवे, की पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेले आपल्याकडचे तारा कासव घरात ठेवणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग ते शुभ मानून ठेवलेले का असेना. आणि ठमाबाईसारखे परदेशी कासव नकोसे झाले म्हणून तलावात सोडले, तर तिथल्या कासवांच्या तोंडचा घास जातो.

(दृश्य : पुन्हा दांडिया बाजार.)

चित्रीकरणाच्या अखेरीस आजी लग्नासाठी तीन आठवडे इंदूरला गेल्या आणि डबी नातवाकडे आली. पहिले तीन दिवस ठमाबाई कोपऱ्यातून हलली नाही. सहाव्या दिवशी ती त्याच्यासाठीही काचेवर पाय घासू लागली. आजी परतल्या, दारात उभ्या राहिल्या, तेव्हा ती तितक्याच लगबगीने त्यांच्याकडे आली. मग नातू आत आला, आणि ती त्याच्याकडेही वळली. आजी त्यावर काही बोलल्या नाहीत. टाकीचे पाणी मात्र त्या दिवशी त्यांनी कुणालाच बदलू दिले नाही.