पंखा बंद केल्यावर

(दृश्य: बंद खिडक्यांची खोली. तराजूखाली टांगलेली काचेची नळी.)

पुण्यातली एप्रिलची दुपार आहे आणि रसायनशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीतला पंखा मुद्दाम बंद ठेवला आहे. तराजूच्या एका बाजूला पारड्याऐवजी काचेची बारीक नळी टांगलेली असून, ती विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये कोठेही न टेकता लोंबत राहणे आवश्यक असते. वाऱ्याची झुळूक आली तरी आकडा हलतो. या मांडणीला गूय तराजू म्हणतात. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई जॉर्ज गूय यांनी 1889 मध्ये सुचवलेली ही पद्धत आता जुनी झाली आहे, तरीही पदार्थाची चुंबकीय वागणूक डोळ्यांसमोर दाखवण्यात तिची बरोबरी करणारे उपकरण सापडणे अवघड.

घाम पुसत उभ्या असलेल्या विद्यार्थिनीने नळीत लालसर पूड ठासून भरली आहे. ही निकेलच्या एका संयुगाची पूड आहे, आणि निकेल हा चुंबकाला चिकटणारा धातू असल्याचे आपण शाळेत शिकलेलो असतो. ती विद्युतप्रवाह सुरू करते. नळी खाली ओढली जाऊन वजन वाढेल, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात वजन किंचित कमी होते. चुंबकाने पूड ओढून घेतली नाही, उलट हलकेच दूर सारली.

याच टेबलावरच्या बाटलीत निकेल ॲसिटेटचे हिरवे स्फटिक आहेत. ते नळीत भरले असता वजन वाढते. धातू तोच आणि त्याच्यावरचा विद्युतभारही तोच, मग फरक पडतो तो कशाने? निकेलच्या भोवती कोण आणि कसे बसले आहे, यात या प्रश्नाचे उत्तर आहे. हिरव्या क्षारात निकेलभोवती सहा जागा भरलेल्या असतात आणि त्याच्या आठ डी-इलेक्ट्रॉनांपैकी दोन एकटे राहतात. प्रत्येक एकटा इलेक्ट्रॉन म्हणजे एक इवलासा चुंबक. लाल पुडीत मात्र सॅलिसिलाल्डिहाइड आणि इथिलीनडायअमाइन यांपासून तयार झालेला, सॅलेन नावाचा पिवळाधमक लिगँड, म्हणजे धातूला बांधून ठेवणारा रेणू, निकेलला चार बाजूंनी एकाच प्रतलात धरून ठेवतो. तेथे आठही इलेक्ट्रॉनांच्या जोड्या लागतात आणि चुंबकत्व उरत नाही. धातूभोवतीच्या जागांची ही कल्पना आल्फ्रेड वेर्नर यांनी 1893 मध्ये मांडली आणि 1913 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुस्तकात हे प्रकरण रुक्ष वाटते. पंखा बंद करून एकदा ही नळी पाहिली, की तसे वाटत नाही.

मात्र वजन कमी झाले, एवढ्यावर विद्यार्थिनी थांबत नाही. काचही चुंबकापासून किंचित दूर सरते, म्हणून तिने आधी रिकामी नळी तोलली आहे आणि त्यानंतर कोबाल्ट व पाऱ्याचे गडद निळे थायोसायनेट, ज्याचे चुंबकीय मूल्य आधीपासून पक्के ठाऊक आहे, तेही तोलले आहे. संशोधनातला बराचसा वेळ अशा जोडीच्या मोजमापांत जातो. ती कोणी टाळली, की काय होते, याचा अनुभव निवेदकाच्या पदरी आहे. विद्यार्थिदशेत तांब्याच्या एका कॉम्प्लेक्सचे, म्हणजे धातू आणि लिगँड यांच्या संयुगाचे, उत्तर दोन बोर मॅग्नेटॉनच्या (अणूच्या चुंबकत्वाचे एकक) आसपास यायला हवे होते, ते तिनाच्या घरात गेले. नवीन काही सापडल्याच्या आनंदात दोन दिवस गेल्यावर, पूड काढण्यासाठी वापरलेल्या स्टीलच्या चमच्याच्या टोकाला गंज चढलेला दिसला. त्या गंजाबरोबर गेलेल्या लोखंडाच्या कणांनी तो शोध लावला होता. या खोलीत आता प्लास्टिकचा चमचा असतो.

(दृश्य: हॉट प्लेटवरचे बीकर, जवळून.)

शेजारच्या खोलीत नेमकी उलट गरज आहे, म्हणजे चुंबकत्व भरपूर हवे आहे. फेरिक नायट्रेट दोन भाग, कोबाल्ट नायट्रेट एक भाग आणि त्यात सायट्रिक आम्ल, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले लिंबूसत्त्व, पाण्यात विरघळवून, थेंबथेंब अमोनिया घालून त्याची आम्लता घालवली जाते. हे द्रावण मंद आचेवर तासन्‌तास ढवळले, की काकवीसारखे दाट होते. या टप्प्यावर ढवळणारे चुंबकीय बीड आठवणीने बाहेर काढावे लागते, कारण पुढे जे तयार होणार आहे ते त्यालाच घट्ट धरून बसेल. आच वाढवल्यावर जेल फुगते, कडेला एक ठिणगी दिसते आणि पाहता पाहता ती ठिणगी सगळ्या बीकरभर पसरत जाते. नायट्रेट आणि लिंबूसत्त्व यांनी आपापसांतच पेट घेतलेला असतो. काही क्षणांत बीकरमध्ये काळ्या, पिसासारख्या हलक्या राखेचा डोंगर उभा राहतो आणि बाहेरून चुंबक धरला, की ती राख काचेला येऊन चिकटते.

ही राख अकीकाच्या खलात घोटून मफल भट्टीत भाजली जाते आणि मग क्ष-किरणांसमोर ठेवली जाते. तांब्याच्या नळीतून निघणारे क्ष-किरण वापरले असता आलेखात कोबाल्ट फेराइटचे, म्हणजे कोबाल्ट आणि लोखंड यांच्या या ऑक्साइडचे, सर्वांत उंच शिखर साधारण 35.5 अंशांवर येते. अनुभवी डोळे मात्र आधी 33 अंशांकडे वळतात. तेथे बारीकसा उंचवटा दिसला, तर थोडे लोखंड हेमाटाइट या निव्वळ लोखंडाच्या ऑक्साइडच्या रूपात बाजूला पडले आहे आणि पूड शुद्ध नाही, हे समजते.

फेराइटमध्ये धातूंचे अणू दोन प्रकारच्या घरांत राहतात आणि त्या दोन घरांची चुंबकीय दिशा एकमेकींच्या विरुद्ध असते, परंतु दोन्ही बाजू समान बळाच्या नसल्यामुळे काही चुंबकत्व शिल्लक राहते. लुई नेल यांनी 1948 मध्ये हे स्पष्टीकरण दिले आणि 1970 चे नोबेल त्यांना मिळाले. कोबाल्ट फेराइटच्या मोठ्या कणांत हे शिल्लक चुंबकत्व दर ग्रॅमला सुमारे 80 ईएमयूपर्यंत (चुंबकत्वाचे एकक) जाते. कण नॅनोमीटरच्या मापाचे झाले, की पृष्ठभागावरचे अणू शिस्त मोडतात आणि आकडा खाली येतो. तो मोजण्याचे यंत्र प्रत्येक महाविद्यालयाकडे नसते. नमुने कागदी पुड्यांत बांधून दुसऱ्या संस्थेत पाठवायचे आणि नंबर लागेपर्यंत वाट पाहायची, हाही पीएचडीचा एक मोठा भाग असतो.

तिसऱ्या खोलीतले थिन फिल्मचे, म्हणजे अतिपातळ थरांचे, काम दुरून सोपे दिसते. तापलेल्या काचपट्टीवर झिंक ॲसिटेटच्या द्रावणाचा फवारा मारला, की झिंक ऑक्साइडचा थर बसतो. पण 75 मिलिमीटर लांब आणि 25 मिलिमीटर रुंद अशा पट्टीवर 300 नॅनोमीटर जाडीचा थर असेल, तर त्याचे सारे वजन 3 मिलिग्रॅमच्या आसपास भरते. पट्टीला बोट लागले, तर बोटाचे तेलही त्या हिशेबात शिरते.

(दृश्य: लॅमिनार एअरफ्लोमधील पेट्री प्लेट.)

या तिन्ही खोल्यांतले पदार्थ शेवटी जिवाणूंच्या दारात येतात. पुण्यात त्यासाठी लांब जावे लागत नाही; 1950 मध्ये सुरू झालेल्या पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि तेथून नोंदणी क्रमांकासह जिवाणूंचे कल्चर मिळते. प्लेटमध्ये ओतलेल्या अगार या जेलीसारख्या माध्यमावर जिवाणूंचे द्रावण पसरून त्यात 6 मिलिमीटरच्या विहिरी पाडल्या जातात, त्यांत कॉम्प्लेक्सचे द्रावण भरले जाते आणि प्लेट 37 अंशांवर रात्रभर ठेवली जाते. सकाळी विहिरीभोवती जिवाणू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसले, तर त्याला झोन म्हणतात आणि तो मोजपट्टीने मोजला जातो.

तांब्याने जिवाणू मरतात, हे या शहराला नवे नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून ठोकली जाणारी भांडी घरोघरी पिण्याच्या पाण्यासाठी वापरली गेली आहेत, आणि तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले ई. कोलायसारखे जिवाणू नष्ट होतात, हे प्रयोगांतूनही दिसले आहे. त्यामुळेच येथे शंका घ्यावी लागते. झोन कॉम्प्लेक्समुळे दिसला, की त्यातून सुटलेल्या साध्या तांब्यामुळे? म्हणून एका विहिरीत नुसता तांब्याचा क्षार, दुसरीत नुसता लिगँड आणि तिसरीत ज्यात सारे विरघळवले ते डीएमएसओ भरावे लागते. या तीन विहिरी नसलेला झोनचा तक्ता कितीही देखणा असला, तरी आमच्या मते तो अर्धाच आहे. शिवाय लहान झोन म्हणजे दुबळे औषध, असेही नाही; जो पदार्थ पाण्यात नीट विरघळत नाही तो अगारमधून पुढे सरकतच नाही आणि विहिरीतच बसून राहतो.

(दृश्य: चिखलाची बरणी, बाहेरून टेकवलेला पट्टीचुंबक.)

आतापर्यंत जिवाणूंवर चुंबकीय धातूंचा मारा चालला होता. विद्यार्थिनीच्या कपाटातली ही बरणी मात्र वेगळ्याच हेतूने ठेवलेली आहे. इटलीतील पाव्हिया येथे साल्वातोरे बेलिनी यांनी 1963 मध्ये आणि अमेरिकेत रिचर्ड ब्लेकमोर यांनी 1975 मध्ये असे जिवाणू नोंदवले, की जे सूक्ष्मदर्शकाखालच्या थेंबात नेहमी एकाच कडेला गोळा होत आणि चुंबक फिरवला, की वाट बदलत. त्यांच्या पेशीत मॅग्नेटाइट या लोखंडाच्या चुंबकीय ऑक्साइडच्या, साधारण 35 ते 120 नॅनोमीटर मापाच्या स्फटिकांची माळ असते. आपण भट्टी पेटवून जे करतो, ते हा जीव चिखलात, कोणत्याही आचेशिवाय करतो, आणि स्फटिकांचे माप आपल्यापेक्षा अधिक काटेकोर राखतो.

तळ्याकाठचा चिखल आणि पाणी भरलेली ही बरणी सैल झाकणाने अंधारात ठेवली होती. उत्तर गोलार्धातले असे जिवाणू बहुधा उत्तरेच्या दिशेने पोहतात, म्हणून चिखलाच्या किंचित वर, काचेला बाहेरून चुंबकाचे दक्षिण टोक लावले आहे. अर्ध्या तासाने ती तेथले पाणी पिपेटने घेते आणि दोन थेंब तयार करते. त्यांपैकी एक आधीच तापवून घेतलेला आहे. मेलेली पेशीही चुंबकाबरोबर वळते, पण पोहत नाही, आणि लोखंडाचा निर्जीव कण नुसता ओढला जातो. हा फरक तापवलेल्या थेंबाशी ताडून पाहावा लागतो.

आज दोन्ही थेंबांत वाळूचे कण आणि डायाटम या सूक्ष्म शैवालांची काचेसारखी कवचे दिसतात, तर न तापवलेल्या थेंबात सैरावैरा पोहणारे काही जिवाणूही दिसतात. चुंबक फिरवल्यावर त्या जिवाणूंपैकी एकही वळत नाही. ती वहीत तसे लिहून ठेवते, बरणीवरच्या कागदी पट्टीवर तारीख घालते आणि बरणी पुन्हा कपाटात, मागच्या बाजूला ठेवते.