शिळा ऊस आणि कोंडलेलं विकर

नमस्कार श्रोतेहो.

विषय विज्ञानाचा आहे, पण सुरुवात गुऱ्हाळापासून करतो. करवीर तालुक्यात आमच्या आबांचं गुऱ्हाळ होतं. मी तेव्हा सातवीत. एका वर्षी ऊस तोडला आणि अवकाळी पाऊस कोसळला. ट्रॅक्टर चिखलात रुतला, मोळ्या फडातच तीन दिवस पडून राहिल्या. चौथ्या दिवशी रस काढायला घेतला, तेव्हा गुळव्या म्हणाला, "आबा, ऊस शिळा झालाय. रवा धरायचा न्हाई." आबा भडकले. "धरंल! न धरून सांगतोय कुणाला?"

काहील चढली, मळी काढली. पाक पाण्यात टाकून बघितला, तर गोळी होईना, बोटाला नुसता चिकटतोय. शेवटी वाफ्यात ओतला. आबा रात्रभर कंदील घेऊन तिथंच बसले. सकाळी बघतो तर वाफ्यात लगदाच! आजीनं तांबे भरभरून गल्लीत वाटला. आम्ही महिनाभर चपातीला तेच लावून खाल्लं. (आणि सांगतो, चव झकास होती. हल्ली लोक पिवळाधमक गूळ मागतात, म्हणून रंगासाठी पावडरी घालतात. गूळ काळसरच चांगला, मग कुणी काही म्हणो.)

दोष सगळा गुळव्यावर आला. कॉलेजात गेल्यावर मला खरा चोर कळला. त्याचं नाव इन्व्हर्टेज. हे उसातलंच विकर, म्हणजे एन्झाइम. तोडलेल्या उसात ते साखरेचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. मग गुळाला दाणा धरत नाही. काहिलीच्या उष्णतेनं विकर मरतं खरं, पण तोवर साखर फुटलेली असते. शिळा ऊस, फुटलेली साखर, पातळ गूळ. लक्षात ठेवा, शिळा ऊस, पातळ गूळ.

आता गंमत बघा. १९१६ साली अमेरिकेत नेल्सन आणि ग्रिफिन यांनी हेच इन्व्हर्टेज कोळशावर चिकटवलं, तरी ते काम करतच राहिलं! विकर कारखान्यात फार कामाचं, पण द्रवात मोकळं सोडलं की परत वेगळं काढणं अवघड, म्हणून वाया जातं. शिवाय विकर म्हणजे घडी घातलेली प्रथिनाची साखळी, आणि ऊब वाढली की ती घडी उलगडते, मग विकर काम करत नाही. म्हणून त्याला कोंडायचं. आज त्यासाठी पॉलिमरचे, म्हणजे एका जातीच्या प्लॅस्टिकचे, सच्छिद्र दाणे करतात. छिद्रं साधारण २ ते ५० नॅनोमीटरची, आणि आपला केस जवळपास ८०,००० नॅनोमीटर जाड! विकर असतं काही नॅनोमीटरचं. छिद्र फार मोठं झालं तर ते निसटतं, फार लहान झालं तर आतच शिरत नाही. बेताचं असलं, की रंकाळा स्टँडवरून सुटलेल्या खच्चून भरलेल्या बसमधल्या माणसासारखं होतं. कितीही हिसके बसले तरी पडायला जागाच नाही! घडी सहजी उलगडत नाही, दाणे गाळून पुन्हा वापरता येतात. १९६९ साली जपानमध्ये चिबाता यांनी असंच बांधलेलं विकर पहिल्यांदा कारखान्यात चालवलं. मक्यापासून गोड पाक करणारे कारखाने आजही तेच करतात.

हे मी त्या गुळव्याला सांगितलं. आता तो म्हातारा झालाय. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमी त्याला कामाला जुंपाय कोंडताय. आमच्या उसात असं कोंडा, की तोडल्यावर चार दिस निजूनच ऱ्हाईल. जमतंय का बघा."