घड्याळाच्या पट्ट्यावर नाव

(दृश्य : नाशिकचा भांडी बाजार. पितळी डब्यावर नाव कोरले जात आहे.)

नाशिकच्या भांडी बाजारात भांडे विकत घेतले, की वजन आणि हिशेब आटोपल्यावर दुकानदार विचारतो, "नाव काय घालायचे?" लग्न असो, मुंज असो की वास्तुशांत, देणाऱ्याचे नाव आणि प्रसंगाची तारीख भांड्याच्या काठाखाली कोरली जाते आणि मगच ते आहेरात जाते. याच जुन्या नाशकात, तांबट आळीपासून थोड्याच अंतरावर, घड्याळाच्या चामडी पट्ट्यावर नाव घालून देणारी एक छोटी कार्यशाळा आहे. भांड्यावर नाव घालताना धातू कोरला जातो. येथे मात्र तापलेला धातू चामड्यावर दाबला जातो.

टेबलावर मावणारे हे यंत्र पुस्तक-बांधणीच्या व्यवसायातून आलेले आहे. नाशकात मुक्त विद्यापीठ आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, त्यामुळे प्रबंध आणि प्रकल्प-अहवाल बांधून देणाऱ्यांची येथे वाण नाही. त्यांच्याकडे काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरे उमटवणारे जे यंत्र असते, तेच हे. वर विजेवर तापणारी जाड धातूची पट्टी, तिच्याखाली अडकवलेला पितळी ठसा, त्याखाली सपाट बैठक आणि बाजूला ओढायचा दांडा, एवढाच त्याचा पसारा असतो. ठसा पितळेचाच का, याला कारण आहे. जुन्या छापखान्यांतले खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरे, शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असत, आणि ती मिश्रधातू सुमारे 240 अंश सेल्सिअसला वितळू लागते. शंभर-सव्वाशे अंशांवर वारंवार दाब पडला, की अशा खिळ्यांची टोके बसू लागतात. पितळ वितळायला 900 अंशांच्या आसपास तापमान लागते आणि ते पोलादापेक्षा सुमारे दुप्पट चांगल्या प्रकारे उष्णता वाहून नेते, म्हणून अक्षराच्या कडेपर्यंत ताप सारखा पोहोचतो.

(दृश्य : कारागीर चामड्याचे तुकडे एकामागून एक वाकवून पाहत आहे.)

पाहणाऱ्याला वाटते, की अक्षर उष्णतेमुळे उमटते. वस्तुतः ते उमटेल की नाही, हे बरेचसे चामडे कसे कमावले आहे यावर ठरलेले असते. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतिजन्य द्रव्यांत कमावलेले चामडे दाट आणि काहीसे ताठ असते. त्यातले तंतू एकदा दाबले गेले, की दाबलेलेच राहतात. कोल्हापुरी चपलेचे चामडे याच प्रकारचे, आणि 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या त्या चपलेवरची नक्षी टिकते, त्याचे श्रेय कारागिराच्या हाताइतकेच या कमावण्यालाही द्यावे लागते. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे मऊ, लवचिक आणि पाण्याला चांगले टिकणारे असते, पण त्याची लवचिकता येथे आड येते, कारण दाब काढताच तंतू पुन्हा वर येतात आणि सकाळी ठळक दिसणारे नाव संध्याकाळपर्यंत पुसट होते. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या पुष्कळ पट्ट्यांवर पॉलियुरेथेनचा थर असतो. त्यावर तापलेला ठसा टेकवला, तर तो थर मऊ पडून पितळेला चिकटतो. असे पट्टे ही कार्यशाळा परत पाठवते, आणि ते योग्यच आहे.

चामड्यानंतर पाण्याचा क्रम येतो. स्पंजाने चामड्यावर हलके पाणी फिरवले जाते, ते मुरू दिले जाते आणि ओले झाल्याने गडद झालेला रंग पुन्हा मूळ छटेकडे वळू लागला, की दाबण्याची वेळ आली असे समजतात. या क्षणी चामडे वरून कोरडे दिसते, पण गालाला लावले तर गार लागते. पाणी जास्त राहिले, तर मोठे नुकसान होते. चामड्यातले मूळ प्रथिन, म्हणजे कोलॅजन, ओलसर अवस्थेत ठरावीक तापमानाच्या पुढे आक्रसते. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या चामड्याच्या बाबतीत ही मर्यादा साधारण 75 ते 85 अंशांच्या घरात असते. चिंब चामड्यावर शंभर अंशांचा ठसा काही सेकंद धरला, की त्या जागी काळपट, कडक आणि सुरकुतलेला डाग पडतो आणि तो कोणत्याही उपायाने निघत नाही. नाशिकची हवाही यात हात घालते. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात ओल झपाट्याने उडून जाते, तर आषाढ-श्रावणात चामडे मुळातच दमट असते, त्यामुळे एका ऋतूत जमलेले पाण्याचे प्रमाण दुसऱ्या ऋतूत जसेच्या तसे वापरता येत नाही.

ओल अशी बेताची असेल, तर 80 ते 100 अंश ताप आणि दोन-तीन सेकंदांचा दाब पुरतो. यंत्रावर दिसणारा आकडा तापपट्टीचा असतो, ठशाच्या तोंडाचा नव्हे. जाड ठसा तापायला पंधरा-वीस मिनिटेही लागू शकतात. म्हणून कारागीर ठसा आधी ओल्या फडक्यावर टेकवून आवाज ऐकतात. जोराने चर्र झाले, तर ठसा थोडा निवू द्यायचा, ही पुस्तक बांधणाऱ्यांची जुनी रीत येथेही पाळली जाते.

सोनेरी अक्षरांची रीत वेगळी आहे. तेथे चामडे कोरडे लागते आणि ताप थोडा अधिक, म्हणजे 100 ते 130 अंशांपर्यंत. फॉइल म्हणजे पॉलिएस्टरच्या पातळ पापुद्र्यावर चढवलेले थर असतात. उष्णतेने त्यातला मेणासारखा थर सुटतो, खालचा गोंद जागा होतो आणि मधला धातूचा झगझगीत थर चामड्यावर उतरतो. तो राहतो मात्र पृष्ठभागावरच. भारतीय पासपोर्ट नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात आणि त्यांच्या मुखपृष्ठावरची सोनेरी राजमुद्रा वारंवारच्या हाताळणीने कशी फिकट होते, हे प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. पासपोर्ट वर्षातून चार वेळा खिशातून निघत असेल. पट्टा रोज घामात भिजतो, बाहीला घासतो आणि मनगटाभोवती वाकतो. म्हणून फॉइलशिवाय नुसते दाबलेले अक्षर पट्ट्याला अधिक शोभते, असे आमचे मत आहे. ग्राहक बहुधा सोनेरीच मागतात.

(दृश्य : इंग्रजी अक्षरांचा पितळी संच आणि त्याशेजारी 'मुक्ता' या नावाचा अखंड ठसा.)

खरी कसोटी मराठी नाव घालताना लागते. रोमन लिपीची सव्वीस अक्षरे सुटी मिळतात. ती खोबणीत ओळीने लावली, की नाव तयार होते. देवनागरीत 'मुक्ता' लिहायचे, तर म-ला खाली उकार हवा, क आणि त यांचे जोडाक्षर हवे, काना हवा, आणि या सर्वांवरून जाणारी शिरोरेषा कोठेही तुटता कामा नये. सुटे खिळे जुळवून हे करता येते, आपल्या छापखान्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते केले. पण कागदावर न दिसणारी दोन खिळ्यांमधली बारीक फट चामड्यावर शिरोरेषेत स्पष्ट दिसते. म्हणून मराठी नावाचा ठसा अखंड करावा लागतो. नाव आरशातल्यासारखे उलटे मांडले जाते, आणि अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत संगणक-नियंत्रित यंत्रावर पितळेत कोरून घेतले जाते.

जागेची अडचण वेगळीच. घड्याळाकडे 20 मिलिमीटर रुंद असलेल्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना शिलाईसाठी तीन-तीन मिलिमीटर सोडले, तर नावाला 14 मिलिमीटर उरतात. उंची सहा मिलिमीटर धरली, तर 'गौरी'सारख्या नावात मात्रा आणि वेलांटी वरची जागा घेतात, 'मुक्ता'मध्ये उकार खालची घेतो आणि मूळ अक्षराला जेमतेम तीन-चार मिलिमीटर मिळतात. इतक्या लहान आकारात क-चा पोकळ भाग भरून जाण्याची भीती असते, त्यामुळे अक्षरे मुद्दाम बारीक रेघेची आणि मोकळ्या पोटाची आखावी लागतात. नाव पट्ट्याच्या लांबीने घालावे, असे अनेकांना वाटते, कारण तेथे जागा भरपूर दिसते. परंतु पट्टा लांबीतच वाकतो, आणि त्या वाकण्याबरोबर शिरोरेषेवरचे फॉइल तडकते. आडव्या नावाची शिरोरेषा रुंदीत असल्यामुळे वाकत नाही. ही शिरोरेषा कारागिराची चूकही झाकू देत नाही, कारण बैठक केसभर तिरकी असली, तरी रेघेचे एक टोक खोल आणि दुसरे उथळ उमटते. यासाठी प्रत्येक नाव आधी त्याच चामड्याच्या कातरणावर दाबून पाहिले जाते.

नाव घालण्याचे काम पट्टा शिवण्यापूर्वीच उरकतात. अस्तर आणि आतला भराव लागल्यानंतर दाब भरावातच जिरतो आणि अक्षराच्या कडा बोथट येतात. दाबलेला तुकडा रात्रभर सपाट ठेवून वाळवतात, त्यानंतर अस्तर, शिलाई, कडांची घासाई आणि बकल अशी कामे होतात.

मराठी नावाला पहिल्या वेळी इंग्रजीपेक्षा जास्त पैसे पडतात, ते ठसा स्वतंत्र कोरावा लागतो म्हणून. तो ठसा ग्राहकाच्या नावाच्या पाकिटात कार्यशाळेतच ठेवला जातो. रोजच्या वापरातला पट्टा घामाने काही वर्षांत बदलावा लागतो, पितळ मात्र हजारो वेळा दाबले तरी सहसा झिजत नाही. त्यामुळे दुसऱ्या पट्ट्यापासून मराठी नावाची मजुरी इंग्रजी नावाइतकीच घेतली जाते.