पिवळा रंग किती वेगानं चढतो

(दृश्य: लॅबची खिडकी, रांग)
साक्री तालुक्यातली ही सरकारी लॅब. दंडाला पट्टा बांधता बांधता लॅबवाल्या ताई विचारतात, "काही खादं नही ना, माय?" विचारायला कारण आहे. तेलातुपाचं जेवण झालं, की काही जणांच्या आतड्यातून, आज तपासायचं आहे तेच एन्झाइम (शरीरातली रासायनिक कामं घडवणारं प्रथिन) रक्तात उतरतं आणि आकडा उगाच फुगतो.

एन्झाइमचं नाव अल्कलाइन फॉस्फटेज. डॉक्टर चिठ्ठीवर नुसतं 'एएलपी' लिहितात.

(दृश्य: ताईंचे हात, जवळून)
आता हे हात बघा. जांभळ्या झाकणाची ट्यूब सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशी मोजायला. ती बाजूला ठेवली. एएलपीचं रक्त लाल झाकणाच्या ट्यूबमध्येच. जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए हे रसायन रक्त गोठू देत नाही, पण मॅग्नेशियम आणि जस्तही बांधून टाकतं. त्यांच्याशिवाय हे एन्झाइम चालत नाही. ट्यूब चुकली, तर आजारी माणसाचा रिपोर्टसुद्धा नॉर्मल दिसू शकतो. यंत्र कितीही महागडं आणा, ही काळजी माणसालाच घ्यावी लागते.

अर्धा तास रक्त गोठू द्यायचं. मग सेंट्रिफ्यूज, म्हणजे ट्यूब गरगर फिरवणारं यंत्र. वर राहतं ते सिरम.

(दृश्य: रिएजंट, रंग चढताना)
रिएजंट, म्हणजे तपासणीचं रसायन, जवळजवळ बिनरंगी. त्यात सिरम पडलं, ३७ अंशांची ऊब मिळाली, की एन्झाइम त्यातला फॉस्फेट तोडू लागतं आणि द्रव पिवळा होत जातो. किती पिवळा झाला यापेक्षा किती वेगानं होतोय, हे यंत्र मोजतं.

१९२३ साली लंडनमध्ये रॉबर्ट रॉबिसन यांना हे एन्झाइम वाढत्या प्राण्यांच्या हाडांत सापडलं. हाड बांधणाऱ्या पेशींत ते असतं, तसंच यकृतातल्या पित्तनलिकांच्या पेशींतही. म्हणून पित्ताची वाट खड्यानं अडली तरी आकडा चढतो, ड जीवनसत्त्वाअभावी हाडं मऊ पडली तरी चढतो. मोठ्या माणसात तो साधारण ४० ते १३० युनिट; लॅबप्रमाणे थोडा इकडेतिकडे. वाढत्या वयाच्या पोरांत बराच जास्त, आणि तो आजार नव्हे. चिठ्ठीवर वय हवंच.

यकृत की हाड, हे उलगडायला त्याच सिरमवर जीजीटी, म्हणजे यकृतातल्या आणखी एका एन्झाइमची तपासणी करतात. हाडांच्या दुखण्यात जीजीटी वाढत नाही. एवढ्यासाठी कुणाला धुळ्याची एसटी धरायला लागू नये. ही तपासणी तालुक्यालाच व्हायला हवी.

(दृश्य: रिपोर्ट)
या मावशींचे दोन्ही आकडे वाढलेले निघाले. डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली आहे.