कारण सापडलं, पण वाट?

रोग कशामुळे झाला, हे सगळे विचारतात. तो शरीरात कोणत्या वाटेने गेला आणि आज कुठवर पोचलाय, हे फारसं कुणी विचारत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे इटिऑलॉजी, रोगाचं कारण. दुसऱ्याचं पॅथोजेनेसिस, रोग घडत जाण्याची प्रक्रिया. मला बोलायचंय ते या दुसऱ्याबद्दल. पण त्यासाठी बॅरी मार्शल या डॉक्टरांची गोष्ट सांगायलाच हवी.

अल्सर, म्हणजे जठराच्या अस्तरावरची जखम, ताणाने आणि ॲसिडने होतो, असं तेव्हा डॉक्टर धरून चालत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधले पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना १९७९ पासून जठराच्या बायोप्सीत, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यात, नागमोडी जिवाणू दिसत होते. मार्शल त्यांना येऊन मिळाले. जिवाणू प्रयोगशाळेत काही केल्या वाढेनात. दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशी टाकून द्यायची, अशी पद्धत. १९८२ च्या ईस्टरला सुट्टी जोडून आली, बशा इन्क्युबेटरमध्येच राहिल्या, आणि जिवाणूंच्या वसाहती दिसल्या! त्यांना फक्त आणखी वेळ हवा होता. तरी लोकांना पटेना. १९८४ मध्ये मार्शल यांनी आधी आपलं जठर निरोगी असल्याची एंडोस्कोपीने, म्हणजे आत नळी घालून पाहून, खात्री केली आणि ते जिवाणू चक्क पिऊन टाकले. काही दिवसांत उलट्या, तोंडाला दुर्गंधी. दहाव्या दिवशीच्या एंडोस्कोपीत जठराला सूज. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं.

गोष्ट सहसा इथे संपवतात. पण मार्शल यांना अल्सर झालाच नव्हता, सूज आली होती! हा जिवाणू, हेलिकोबॅक्टर, स्वतःभोवती अमोनिया तयार करून ॲसिडमध्ये तग धरतो, सूज वर्षानुवर्षं राहते, अस्तर दुबळं होतं आणि मग काहींना अल्सर होतो. बहुतेकांना कधीच होत नाही. क्षयाचंही तेच. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८२ मध्ये क्षयाचा जिवाणू दाखवला, पण ज्यांच्या शरीरात तो सुप्त आहे, त्यांपैकी ५ ते १० टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी क्षय होतो. संसर्ग झाला म्हणजे रोग झाला, असं नव्हे.

वेळ संपल्याची चिठ्ठी आलीय, तेव्हा उरलेलं भराभर सांगतो. संसर्गापासून पहिल्या लक्षणापर्यंतचा काळ म्हणजे इन्क्युबेशन पिरियड. मग पूर्वलक्षणं: गोवरात पुरळाआधी ताप, खोकला, लाल डोळे, आणि पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून मूल इतरांना गोवर देऊ शकतं. ॲक्यूट म्हणजे झपाट्याने आलेला, क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळ रेंगाळणारा. लक्षणं ओसरली तर रिमिशन, उलटली तर रिलॅप्स. रिमिशनमध्ये औषध मनाने बंद करू नका. पुढे काय होईल याचा अंदाज, तो प्रॉग्नोसिस.

रेबीजमध्ये रोगाची ही वाट स्पष्ट दिसते. विषाणू चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंमधून मेंदूकडे सरकतो. याला बहुधा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडाभरच. लक्षणं दिसली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. त्याआधी मात्र वाट अडवता येते: जखम लगेच साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि लस त्याच दिवशी सुरू करायची.