बेडकाची कातडी आणि जमिनीवरचं पहिलं पाऊल

नमस्कार श्रोतेहो,

पावसाळ्यात एखादा बेडूक स्थिर बसलेला दिसला, तर त्याचा गळा बघा. सारखा लपलपत असतो. बेडकाला बरगड्यांचा पिंजरा नाही, श्वासपटलही नाही. मग हवा आत जाते कशी? गळा खाली जातो, तशी नाकपुड्यांतून हवा तोंडात शिरते. फुफ्फुसातली जुनी हवा बाहेर पडते. मग नाकपुड्या मिटतात, गळा वर उचलला जातो आणि तोंडातली हवा फुफ्फुसात ढकलली जाते. थोडक्यात, बेडूक हवा गिळतो. त्याचं तोंड कुणी उघडं धरून ठेवलं, तर त्याला फुफ्फुसं भरता येत नाहीत.

पण एवढ्यावर त्याचं भागत नाही. बाकीचा श्वास तो कातडीतून घेतो. कातडीवर ना खवले, ना पिसं, ना केस. फक्त ग्रंथींतून झिरपणारा चिकट ओलावा. त्या ओलाव्यात प्राणवायू विरघळतो आणि खालच्या केशवाहिन्यांत जातो. पाणीसुद्धा बेडूक तोंडाने पीत नाही, पोटाखालच्या कातडीतून शोषतो.

बेडूक ज्या गटात मोडतो, त्या उभयचरांच्या हृदयाला तीन कप्पे: दोन कर्णिका, म्हणजे रक्त आत घेणारे कप्पे, आणि एकच जवनिका, म्हणजे रक्त बाहेर ढकलणारा कप्पा. तिथे शुद्ध-अशुद्ध रक्त मिसळतं, म्हणून या हृदयाला अपुरं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. बेडकाच्या कातडीतून प्राणवायू घेऊन आलेलं रक्त उजव्या कर्णिकेत येतं. तो पाण्याखाली असतो तेव्हा फुफ्फुसं जवळजवळ स्वस्थ असतात आणि हेच रक्त त्याला तगवतं. जवनिका एकच असल्यामुळे ते थेट अंगभर पोचू शकतं. कातडीने श्वास घेणाऱ्या प्राण्याला हे हृदय अगदी योग्य आहे.

आता थोडं मागे जाऊ. कॅनडाच्या उत्तरेला, एल्समिअर बेटावर २००४ साली टिकटालिक नावाच्या माशाचे जीवाश्म सापडले. वय सुमारे ३७ कोटी ५० लाख वर्षं. अंगावर खवले, पण मान मोकळी, आणि परांच्या आत खांदा, कोपर, मनगट यांच्या जागची हाडं. त्यानंतरचा ग्रीनलंडचा अकँथोस्टेगा हा चार पायांचा प्राणी बघा. त्याच्या पुढच्या पायाला ८ बोटं होती आणि गळ्यात कल्लेही होते. जमिनीवर अंगाचा भार पेलण्याजोगे ते पाय नव्हते. म्हणजे पाय तयार झाले ते वनस्पतींनी गजबजलेल्या उथळ पाण्यात वाट काढायला. जमिनीवर चालायला ते पुढे उपयोगी पडले. आजचा बेडूक अशाच प्राण्यांचा फार दूरचा वंशज आहे. त्याच्या पुढच्या पायाला ४ बोटं, मागच्याला ५.

आज उभयचरांच्या ८ हजारांहून अधिक जाती माहीत आहेत आणि त्यांचे तीन गण आहेत. दहापैकी जवळपास नऊ जाती बिनशेपटीच्या, म्हणजे बेडूक आणि खरखरीत कातडीचे भेक. डबक्यात अंड्यांचा पुंजका दिसला तर तो बहुधा बेडकाचा. जेलीच्या लांब दोऱ्यात मण्यांसारखी ओवलेली काळी अंडी आपल्या नेहमीच्या भेकाची. दुसरा गण शेपटीवाल्या सॅलमँडरांचा. आपल्याकडे ते दार्जिलिंग, मणिपूरकडे आढळतात, महाराष्ट्रात नाहीत.

तिसरा गण बिनपायांचा, आणि तो आपल्या सह्याद्रीत आहे: देवगांडूळ. शेतात कुदळीखाली आलं की साप समजून ते हकनाक मारलं जातं. ओळख सोपी आहे. अंगावर गांडुळासारखी वलयं, पण आत पाठीचा कणा, तोंडात जबडा आणि दात. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधे एक बारीकशी स्पर्शिका. सापासारखी दुभंगलेली जीभ नाही, आणि विष टोचणारे सुळेही नाहीत. अनेक जातींत मादी ओल्या मातीत अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते.

उभयचरांच्या अंड्यांना कवच नसतं, हवा कोरडी झाली की ती सुकतात. आंबोलीच्या जांभ्याच्या सड्यावर पावसाचं पाणी बोटभर खोल साचतं, त्यात आंबोली भेक अंडी घालतो. मधेच पावसाने मोठी उघडीप दिली, की डबकं आटतं आणि पिल्लं पाय फुटायच्या आतच मरतात.

ज्या कातडीतून प्राणवायू आत येतो, तिच्यातून फवारणीचं औषध, साबण आणि मीठही आत जातं. कायट्रिड नावाची बुरशी कातडीवर वाढली, तर शरीरातल्या क्षारांचा तोल बिघडून हृदय बंद पडतं. म्हणून बेडूक किंवा देवगांडूळ हातात घ्यायची वेळ आलीच, तर आधी साध्या पाण्याने हात धुऊन ओलेच ठेवा. हाताला डासांचं मलम किंवा साबण लागलेला नको. देवगांडुळावर मीठ तर कधीच टाकू नका. त्याला ओल्या मातीसकट उचला, बांधाच्या सावलीत पालापाचोळ्याखाली सोडा आणि नंतर पुन्हा हात धुवा.