दुखणं कुशीत, फडकं डोक्याला

नमस्कार श्रोतेहो.

आज जायचंय फ्लॉरेन्सला. तिथली माणसं त्याला फिरेन्झे म्हणतात. शाळेत युरोपातला प्रबोधनकाळ शिकलात ना? त्या धड्यातली निम्मी नावं या एकट्या गावातली. धडा पाठ केला, पेपर दिला आणि विसरलो. आता नावं घोकून कुणाला कधी चित्र दिसलंय का? पण तो विषय वेगळा.

मी काही चित्रकार नाही. माझी उभी नोकरी बांधकामावर गेली. मुलीनं तिकिटं काढली म्हणून गेलो. घरचे सगळे म्युझियमच्या रांगेत उभे, आणि मी चौकात मान वर करून एका घुमटाकडे बघतोय. लाल कौलांचा, पांढऱ्या फासळ्यांचा घुमट. सांता मारिया देल फिओरे हे त्या चर्चचं नाव.

या चर्चचं काम सुरू झालं १२९६ साली. भिंती चढल्या, वर आठ बाजूंचा भक्कम गळा बांधून झाला, आणि मग काम अडलं. सुमारे ४५ मीटरचं भोक, तेही जमिनीपासून पन्नास मीटरच्या वर, आणि त्यावर घुमट कसा घालायचा ते कुणालाच ठाऊक नाही. आपल्याकडे 'आधी कळस, मग पाया' म्हणून हसतात. यांनी पाया नीट घातला होता, कळसाचा मात्र पत्ता नव्हता.

अडचण होती सेंट्रिंगची. ज्यांच्या घरी स्लॅब पडलाय त्यांना सांगायला नको. आधी खाली टेकू, फळ्या, मग वर माल. पण एवढ्या उंचीवर एवढ्या रुंदीचं लाकडी सेंट्रिंग उभं करायचं म्हणजे जंगल तोडून आणायला हवं. १४१८ साली गावानं स्पर्धा लावली. फिलिप्पो ब्रुनेलेस्की नावाचा एक सोनार पुढे आला आणि म्हणाला, मी सेंट्रिंगशिवाय बांधतो. परत सांगतो, सेंट्रिंगशिवाय. खाली टेकू न देता.

अंड्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, कोलंबसाच्या नावावर. तीच याच्याही नावावर सांगतात. ती मी सांगत नाही. मला आवडते ती दुसरीच.

झालं असं, की पंचमंडळींचा याच्यावर पुरता भरवसा बसेना. म्हणून त्यांनी काम दिलं, पण जोडीला आणखी एक माणूस दिला. लोरेन्झो गिबर्टी. तोही मूळचा सोनार. आणि यांचं जुनं वाकडं! १४०१ साली त्याच चर्चसमोरच्या बाप्तिस्मागृहाच्या ब्राँझच्या दारांसाठी स्पर्धा झाली होती, त्यात गिबर्टी जिंकला आणि हा हरला. आता त्याच गिबर्टीला घुमटावर सारखा हुद्दा, सारखा पगार. वर्षाला ३६ फ्लोरिन याला, ३६ त्याला.

एका साइटवर दोन साहेब नेमले की काय होतं ते मी पाहिलंय. एक म्हणतो खणा, दुसरा म्हणतो बुजवा, आणि गवंडी तंबाखू मळत सावलीला बसतो. माझी तर ठाम समजूत आहे, की जगातली निम्मी गळकी धरणं दोन सह्यांमुळे गळतात. बरं, गोष्ट.

एके सकाळी ब्रुनेलेस्की कामावर आलाच नाही. घरी डोक्याला फडकं बांधून अंथरुणात पडला, आणि विव्हळतोय. लाकडी ताटल्या तापवून आणा, कपडे तापवून आणा, शेक द्या! का? तर म्हणे कुशीत कळ येते. श्रोतेहो, लक्षात आलं का? दुखणं कुशीत आणि फडकं डोक्याला! शाळा चुकवणारा पोरगासुद्धा पोटदुखी सांगताना पोट धरतो. पण बिचाऱ्या फ्लॉरेन्सकरांच्या हे ध्यानात आलं नाही.

इकडे गवंडी गिबर्टीपुढे उभे. साहेब, पुढं काय करायचं? गिबर्टी गप्प. मग म्हणाला, फिलिप्पोला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही. एक दिवस गेला, दोन गेले. विटा तशाच, चुना तसाच. गावात कुजबुज सुरू झाली, की फिलिप्पोनं अंथरूण धरलंय ते दुखण्यानं नाही, घुमट जमत नाही म्हणून. शेवटी पंच त्याच्या घरी गेले. भल्या माणसा, काम अडलंय. हा अंथरुणातून म्हणतो, का, लोरेन्झो आहे ना तिथं? ते म्हणाले, तो तुझ्याशिवाय काही करत नाही. त्यावर हा म्हणाला, "मी मात्र त्याच्याशिवाय नक्की करीन."

एवढं होऊनही पंचांनी गिबर्टीला काढलं नाही. मग हा उठला आणि त्यांना म्हणाला, पगार वाटून दिलाय तसं कामही वाटून द्या. दोन कामं पुढ्यात आहेत. एक, गवंड्यांसाठी आतली परांची. दुसरं, घुमट बाहेर फाकू नये म्हणून त्याला आतून आवळणारी साखळी. कुठलं हवं ते त्यानं घ्यावं. गिबर्टीनं साखळी घेतली. आठांपैकी एक बाजू पुरी केली. ब्रुनेलेस्की आला, बघितलं आणि लोकांत बोलला, हिच्यानं हे वजन पेलणार नाही. पुढे ते कामही त्याच्याचकडे आलं. गिबर्टी मागे पडला, पण ओळखीपाळखीवर पगार मात्र आणखी तीन वर्षं खात राहिला. हे ऐकून तुमच्यातल्या काहींना आपलं ऑफिस आठवलं असेल.

ही हकिकत जॉर्जो वसारी नावाच्या चित्रकारानं शंभरेक वर्षांनी लिहून ठेवली. तो ब्रुनेलेस्कीच्या बाजूचा, तेव्हा थोडं मीठमसाला धरून चाला. गिबर्टी काही ढ नव्हता. त्यानं पुढे त्याच बाप्तिस्मागृहाला सोन्याचा मुलामा दिलेली जी दारं केली, ती बघायला आजही झुंबड असते. जागेवर आहेत त्या प्रतिकृती, अस्सल दारं मागच्या म्युझियममध्ये.

आता घुमट टेकूशिवाय उभा कसा राहिला, ते थोडक्यात. गोल बांधलेली विहीर आठवा. तिचे दगड आत का कोसळत नाहीत? कडं पुरं झालं की दगड एकमेकांना धरून बसतात. इथंही तेच, एकेक कडं पुरं करत वर जायचं. पण कडं पुरं होईपर्यंत तिरक्या ओल्या थरावरची वीट घसरेल, त्याचं काय? म्हणून मधून मधून एक वीट उभी लावली. उभ्या विटांमध्ये आडव्या विटा अडकल्या. नक्षी दिसते माशाच्या काट्यासारखी, आणि तिथं तिला म्हणतातही माशाचा काटाच. शिवाय घुमट एक नाही, दोन आहेत. आतला जाड, बाहेरचा पातळ, मध्ये पोकळी. चाळीस लाखांवर विटा आहेत. ७ ऑगस्ट १४२० ला गवंड्यांनी वर चढून पाव, खरबूज आणि वाइनचा नाश्ता केला आणि काम धरलं. १४३६ ला घुमट मिटला.

त्या दोन घुमटांमधल्या पोकळीतूनच वर जायचा जिना आहे. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. वळणावर भिंत इतकी आत कलते, की खांदा घासतो. मी मध्येच दम खायला टेकलो तर तळव्याखाली उभी वीट आली. गार, कडा थोडी झिजलेली. मागून कुणीतरी खाकरलं तेव्हा हात काढला.

घुमटाला आतून शेवटच्या न्यायाचं, म्हणजे ख्रिस्ती समजुतीप्रमाणे जगाच्या शेवटी देव करतो त्या निवाड्याचं, भलंमोठं चित्र आहे. ते १५७२ साली सुरू केलं याच वसारीनं. मला विचाराल तर विटा उघड्याच ठेवायला हव्या होत्या.

समोर तांबडा दिवा लागलाय. चित्रांचं राहिलंच. पण कोल्हापूरच्या श्रोत्यांसाठी एक सांगतोच. तुमचे राजाराम महाराज विलायतेहून परतताना याच गावी वारले, ३० नोव्हेंबर १८७० ला. वय अवघं विशीचं. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. तिथं त्यांची छत्री आहे, आत रंगीत अर्धपुतळा आहे. बाग कॅशिने नावाची. अगदी शेवटच्या टोकाला जायचं, आणि वाट चुकलात तर 'इंदियानो' एवढंच विचारायचं. जवळच्या पुलाचंही तेच नाव आहे.

नमस्कार.